मुंबईच्या युद्धनौकांचा इतिहास शोधताना कोणता ग्रंथ कशासाठी उघडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईच्या गोदीत बांधलेल्या युद्धनौका आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत तळ असलेली नौदलाची जहाजं यांवर मराठीत लिहायचं आहे. संदर्भग्रंथ कोणते घ्यावेत? आणि तीन पुस्तकांत तीन आकडे निघाले तर खरा कोणता धरावा?

आधी दुसरा भाग घेतो. संदर्भग्रंथ हा कुणीतरी दुसऱ्या कागदांवरून उतरवून काढलेला असतो. तो कशावरून उतरला हे माहीत नसेल तर तीन पुस्तकांचं एकमत हीसुद्धा फसवणूक ठरू शकते, कारण बऱ्याचदा तिघांनीही एकाच चौथ्याकडून घेतलेलं असतं. म्हणून ‘किती पुस्तकं हे म्हणतात’ हे मोजत बसू नका. ‘या आकड्याचा मूळ कागद कोणता’ ते बघा.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे ‘जेन्स फायटिंग शिप्स’. फ्रेड जेनने १८९८ मध्ये सुरू केलेलं हे वार्षिक अजूनही निघतं. लोक ते इतिहासाचं पुस्तक समजून उघडतात आणि फसतात. त्या वर्षी बाहेरच्या माणसाला जे कळलं होतं, तेवढंच त्यात असतं. शिवाय सरकारं खोटं सांगत. जर्मनीने बिस्मार्क ३५,००० टनांची जाहीर केली होती, प्रत्यक्षात ती ४१,००० टनांच्याही वर गेली. जपानच्या यामाटोच्या तोफा १६ इंची असाव्यात असा दोस्त राष्ट्रांचा युद्धकाळात समज होता, त्या निघाल्या १८.१ इंची. म्हणून जेन्सचा उपयोग वेगळ्या कामासाठी करा: त्या वर्षी जगाला काय वाटत होतं, जहाजाचं बाह्यरूप कसं होतं, डोलकाठ्या आणि धुराडी कुठे होती, पेनंट नंबर (जहाजावर रंगवलेला ओळख क्रमांक) कोणता होता. जुना फोटो कोणत्या सालचा हे ठरवायला लागोपाठच्या चार-पाच वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवा. रडार किंवा तोफ कधी बदलली ते लगेच दिसतं. नवी आवृत्ती घेण्याच्या भानगडीत पडू नका, किंमत अंगावर येते. १९२० च्या आधीच्या बऱ्याच आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. १८८६ पासून निघालेलं ‘ब्रासीज नेव्हल ॲन्युअल’ही तिथेच मिळतं. त्यातले धोरणावरचे लेख तक्त्यांपेक्षा जास्त कामाचे आहेत.

मागे वळून, युद्धोत्तर कागदपत्रं बघून लिहिलेला ग्रंथ हवा असेल तर कॉनवेची ‘ऑल द वर्ल्ड्स फायटिंग शिप्स’ ही मालिका घ्या: १८६०–१९०५, १९०६–१९२१, १९२२–१९४६ आणि त्यानंतरचा काळ. देशवार आणि वर्गवार मांडणी आहे; वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं. १९४७ पूर्वीची भारताची जहाजं शोधताना ब्रिटनची पानंही चाळा. एखाद्या वर्गाची रचना तशी का झाली, हे जाणून घ्यायला नॉर्मन फ्रीडमनची ब्रिटिश विनाशिका आणि क्रूझरांवरची पुस्तकं. अमेरिकी जहाजांसाठी ‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन नेव्हल फायटिंग शिप्स’. त्याचे आठ खंड १९५९ ते १९८१ दरम्यान निघाले आणि आता सगळं ऑनलाइन आहे. त्यातल्या जुन्या नोंदी जरा गौरवाच्या सुरात आहेत, सुधारलेल्या नोंदी बऱ्या.

मुंबईच्या कामात खरा आधार दोन पुस्तकांचा. जे. जे. कॉलेज (Colledge, हे लेखकाचं आडनाव) यांचं ‘शिप्स ऑफ द रॉयल नेव्ही’ वर्णानुक्रमे आहे, एका जहाजाला दोन-चार ओळी. रिफ विनफिल्डचे ‘ब्रिटिश वॉरशिप्स इन द एज ऑफ सेल’चे खंड कालखंडवार आहेत आणि त्यात मागणी कधी दिली, कील (तळाचा कणा) कधी बसवली, जलावतरण कधी झालं, कॅप्टन कोण होते हे सगळं क्रमाने मिळतं. कॉलेजची ओळ वाचायला शिकावी लागते. मुंबईत बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ची नोंद उलगडली तर निघतं ते असं: तिसऱ्या दर्जाचं, ७४ तोफांचं जहाज, बॉम्बे डॉकयार्ड, मे १८१३, १८५५ मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारा स्क्रू (पंखा) बसवला, १८६५ मध्ये इंग्लंडात शीरनेसला धक्का म्हणून वापर, १९१६ मध्ये नाव ‘वाइल्डफायर’, १९५७ मध्ये मोडीत. यातली पहिली तारीख ही जलावतरणाची, नौदलात दाखल होण्याची नव्हे. नवशिक्यांच्या लेखांत सर्वात जास्त गफलत इथेच होते. पहिल्या विक्रांतचं जलावतरण १९४५ मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने टाइन नदीकाठी झालं आणि ती भारतीय नौदलात दाखल झाली ४ मार्च १९६१ ला. मधल्या पंधरा वर्षांतलं कुठलंही साल कुणी ‘विक्रांतचं साल’ म्हणून दिलं, तर ते कसलं साल हे विचारल्याशिवाय उचलू नका. ब्रिटिश याद्यांत तिला शोधायचं तर ‘एच’ अक्षराखाली.

नावांचा गुंता हा मुंबईच्या जहाजांचा खास रोग आहे. १८०५ मध्ये इथे ‘पिट’ नावाची फ्रिगेट पाण्यात उतरली. पुढे तिचं नाव ‘साल्सेट’ झालं, आणि ‘पिट’ हे नाव मुंबईतच बांधलेल्या दुसऱ्या फ्रिगेटकडे गेलं. तीही १८०८ मध्ये ‘डोरिस’ झाली. नुसतं ‘पिट’ वाचून पुढे गेलात तर दोन जहाजांचं आयुष्य एकाच्या नावावर चढवाल. १८१५ ची ‘वेलस्ली’ १८६८ पासून ‘कॉर्नवॉल’ या नावाने प्रशिक्षण जहाज म्हणून वापरात होती आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन हवाई हल्ल्यात बुडाली. त्याच वेळी ‘कॉर्नवॉल’ नावाची एक क्रूझरही नौदलात होती, ती एप्रिल १९४२ मध्ये श्रीलंकेजवळ जपानी विमानांनी बुडवली. मुंबईतच बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९९२ पर्यंतचे तिचे कागद ‘फुद्रॉयां’ या नावाखाली सापडतात. त्याच नावाचं एक त्याहून जुनं जहाज १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं होतं.

आपल्याकडेही तेच. १९७१ च्या ९ डिसेंबरला बुडालेली खुकरी ही ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट होती. माझगाव गोदीत बांधलेली खुकरी ही कॉर्व्हेट, १९८९ ते २०२१ या काळात सेवेत. दिल्ली दोन: एक मूळची ‘अकिलीज’, १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईतली, १९४८ मध्ये आपल्याकडे आली, दुसरी माझगावची, १९९७ ची. पेनंट नंबरवरही विसंबू नका, आर ११ हा दोन्ही विक्रांतचा आहे. आणि ‘तलवार’. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावाची सुरुवात ‘एचएमआयएस तलवार’वर झाली हे वाचून काही जण तिचं वजन, तोफा आणि वेग शोधू लागतात. ती कुलाब्यातली सिग्नल शाळा होती, इमारतींची. ब्रिटिश परंपरेत किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजाचं नाव मिळतं. याला उपाय एकच: जहाजाची ओळख नावाने न ठेवता बांधणारी गोदी आणि जलावतरणाची तारीख यांच्या जोडीने ठेवा. ही जोडी जन्मभर बदलत नाही.

जलावतरणाच्या तारखेची एक स्थानिक तपासणीही करता येते. विलायतेत जहाज बहुतेक उतरत्या घसरणीवर बांधून पाण्यात सोडत. मुंबईत ही मोठी जहाजं सुक्या गोदीतच बांधली जात आणि गोदीत पाणी घेऊन तरंगवून बाहेर काढली जात. त्यासाठी गोदीच्या दाराच्या उंबरठ्यावर पुरेसं पाणी हवं, म्हणजे उधाणाची भरती हवी. आता मुंबईच्या काही जहाजांच्या जलावतरणाच्या तारखा घ्या. मिंडेन, १९ जून १८१०: पौर्णिमेनंतर दोन दिवसांच्या आत. वेलस्ली, २४ फेब्रुवारी १८१५: पौर्णिमा. त्रिंकोमाली, १२ ऑक्टोबर १८१७: अमावास्येनंतर एक-दोन दिवस. गँजेस, १० नोव्हेंबर १८२१: पुन्हा पौर्णिमा. हा योगायोग नव्हे. तेव्हा एखाद्या पुस्तकात अष्टमीच्या आसपासची तारीख दिसली तर खूण करून ठेवा. ती छापील चूक असेल, किंवा नामकरणाची, नाहीतर इंग्लंडला रवाना होण्याची तारीख असेल. मात्र तिथी जुळली म्हणून तारीख सिद्ध होत नाही. खोटी तारीखही उधाणाला पडू शकते. त्या काळच्या तिथी काढायला जुनं पंचांग किंवा चंद्रकला देणारं कोणतंही खगोल सॉफ्टवेअर पुरतं.

आकड्यांकडे वळू. शिडाच्या काळातले ‘टन’ हे वजन नव्हे, ती बांधणाऱ्याची मापपद्धत आहे. मापनासाठी धरलेली कीलची लांबी गुणिले रुंदी गुणिले अर्धी रुंदी, भागिले ९४, सगळं फुटांत. समजा कील १५० फूट आणि रुंदी ४८ फूट, तर १५० × ४८ × २४ ÷ ९४, म्हणजे सुमारे १,८३८. हे जहाज पाण्यात किती वजन बाजूला सारतं, याच्याशी या आकड्याचा थेट संबंध नाही. म्हणून १८१३ च्या जहाजाचे टन आणि १९६१ च्या जहाजाचे टन एकाच तक्त्यात घालून ‘वाढ’ दाखवू नका. लांबीतही असाच घोळ: तोफांच्या मजल्याची लांबी वेगळी, कीलची वेगळी, पाणरेषेवरची वेगळी, टोकापासून टोकापर्यंतची वेगळी. दोन पुस्तकांत वीस-पंचवीस फुटांचा फरक दिसला तर आधी हे तपासा.

१९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर ‘स्टँडर्ड’ विस्थापन आलं. त्यात जहाज पूर्ण सज्ज धरतात, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून. ‘फुल लोड’ म्हणजे सगळं भरून. पहिल्या विक्रांतसाठी एक पुस्तक सुमारे १६,००० देतं आणि दुसरं १९,५००. दोन्ही बरोबर आहेत. त्यात ब्रिटिश लाँग टन १,०१६ किलोचा, मेट्रिक टन हजाराचा, अमेरिकी शॉर्ट टन ९०७ चा. एकक लिहिलं नसेल तर तो आकडा वापरूच नका. वेगाचंही तसंच: चाचणीत हलक्या भाराने गाठलेला वेग हा समुद्रातला वेग नसतो. आणि ‘७४ तोफांचं जहाज’ हा दर्जा आहे. कॅरोनेड नावाच्या आखूड तोफा धरल्या तर प्रत्यक्ष तोफा बहुधा जास्तच निघतात.

आता मुंबईतलं साहित्य. रुत्तनजी अर्देशीर वाडिया यांचा गोदी आणि वाडिया बांधकाम-उस्तादांवरचा १९५५ चा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. जहाजांची यादी, पत्रव्यवहार, घराण्याची वंशावळ सगळं आहे. घराण्यातल्या माणसाने लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून स्तुतीची वाक्यं बाजूला ठेवा आणि त्याने उद्धृत केलेली पत्रं वापरा. चार्ल्स रॅथबोन लो याचा भारतीय आरमाराचा दोन खंडी इतिहास १८७७ चा. लेखक त्याच सेवेतला माजी अधिकारी, त्यामुळे सेवेची बाजू घेतो. पण १६१३ ते १८६३ चा इतका तपशील दुसरीकडे एका जागी नाही. हा ग्रंथही इंटरनेट आर्काइव्हवर आहे.

सूचीत शोधताना सेवेचं नाव काळानुसार बदला, नाहीतर हाती काहीच लागणार नाही. १८३० पर्यंत बॉम्बे मरीन. १८३० ते १८६३ इंडियन नेव्ही. मग पुन्हा बॉम्बे मरीन. १८७७ पासून हर मॅजेस्टीज इंडियन मरीन. १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन. १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय नौदल. ‘इंडियन नेव्ही’ हे नाव दोनदा येतं, मध्ये जवळजवळ नव्वद वर्षांची फट ठेवून. डिजिटल सूचीत सालाची चाळणी लावल्याशिवाय हे शोधू नका.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथले मरीन डिपार्टमेंटचे खंड म्हणजे गोदीचा रोजचा व्यवहार: लाकडाची खरेदी, दुरुस्तीचे खर्च, कारागिरांच्या मागण्या, लंडनहून आलेले नकाशे. जहाजाच्या नावाने सूची मिळेल अशी आशा धरू नका. साल आणि खात्याने खंड मागवायचा आणि आतली अनुक्रमणिका वाचायची. विषय सांगणारं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा, फोटोची परवानगी आधी विचारा. जुनी पानं ठिसूळ असतात, त्यामुळे मागितलेला खंड मिळेलच असं नाही. म्हणून एका भेटीत चार-पाच खंडांची मागणी तयार ठेवलेली बरी. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे आणि तिचा ‘ग्रंथसंजीवनी’ हा डिजिटल संग्रह घरबसल्या चाळता येतो. जलावतरणाचा सोहळा, पाहुणे, गर्दी यांचं वर्णन हवं असेल तर त्या आठवड्याचं ‘बॉम्बे कुरियर’ किंवा ‘बॉम्बे गॅझेट’ शोधा. मुंबईत मॅरिटाइम हिस्टरी सोसायटीही आहे, आणि नौदलाशी जवळीक असल्याने तिथली माणसं योग्य दिशा दाखवू शकतात.

लंडनचे नकाशे म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. वेलस्ली आणि त्रिंकोमालीसाठी पाठवलेले आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटवर होते आणि डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ती जिंकली. वेलस्ली मग नुकत्याच झालेल्या कॉर्नवॉलिसच्या आराखड्यावर बांधली गेली. त्यामुळे तिचं माप मूळ मागणीच्या वर्गातून उचलून देणारी पुस्तकं चुकतात. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयातले आराखडे बघताना ‘नियोजित’ आराखडा आणि ‘प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे’ आराखडा वेगळे असतात. दुसरा मिळाला तर पहिला विसरा.

शेवटचा शब्द लॉगबुकचा, म्हणजे जहाजावरच्या रोजनिशीचा. क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात कॅप्टनच्या लॉग एडीएम ५१ मध्ये, मास्टरच्या ५२ मध्ये आणि पुढच्या काळातल्या जहाजाच्या लॉग ५३ मध्ये. मिंडेनबद्दल एक आवडती दंतकथा आहे की अमेरिकेचं राष्ट्रगीत तिच्यावर असताना लिहिलं गेलं. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या तोफमाऱ्याच्या रात्री त्या गीताचा कवी फ्रान्सिस स्कॉट की हा वाटाघाटीसाठी गेलेल्या अमेरिकी जहाजावरच होता, तेव्हा कथा तिथेच संपते. तरी ती छापताना दिसते, कारण प्रत्येकाने आधीच्याचं वाचलं. अशा वेळी जहाजाचं त्या आठवड्याचं लॉग मागवायचं आणि अक्षांश-रेखांश बघायचे. वाद मिटवायला याहून स्वस्त उपाय नाही.

लॉग वाचताना तारखेचा सापळा असतो. १८०५ पर्यंत ब्रिटिश नौदलात समुद्रावरचा दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा धरत, आणि तो नागरी दिवसाच्या बारा तास आधी सुरू होई. लॉगमध्ये ‘१० जून, दुपारी ४’ असेल तर जमिनीवर ती ९ जूनची संध्याकाळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर ही पद्धत त्यानंतरही काही वर्षं चालू राहिली. लढाईच्या तारखांतला एका दिवसाचा फरक बहुतेक वेळा यातून येतो.

आंग्रेकालीन आरमारावर जाणार असाल तर सापळा मोठा आहे. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनदर्शिका वापरत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. पोर्तुगीज १५८२ पासूनच नवी वापरत. कान्होजींच्या काळात मुंबईचं पत्र आणि गोव्याचं पत्र यांत अकरा दिवसांचं अंतर पडतं. मराठी कागदांत तिथी आणि शुहूर सन (मराठी दप्तरातली एक कालगणना). तिन्ही एका तक्त्यात आणल्याशिवाय कुणी कुणावर आधी हल्ला केला हे ठरवू नका. या आरमाराची जेन्ससारखी नोंदवही नाही. गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतांचे उल्लेख पत्रांत विखुरलेले आहेत. भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमारावरचा इंग्रजी ग्रंथ, पांडुरंग पिसुर्लेकरांचं पोर्तुगीज कागदांवरचं काम आणि सरदेसायांनी छापलेले पेशवे दप्तराचे खंड इथून सुरुवात करा. इंग्रजी पत्रांतले तोफांचे आणि जहाजांचे आकडे मात्र हरलेल्या कॅप्टनने वरिष्ठांना लिहिलेले असतात, हे विसरू नका.

दुसऱ्या महायुद्धासाठी डी. जे. ई. कॉलिन्सचा रॉयल इंडियन नेव्हीवरचा अधिकृत खंड, १९६४ चा. स्वातंत्र्यानंतर सत्यिंद्र सिंग यांचे दोन आणि जी. एम. हिरानंदानी यांचे तीन खंड मिळून १९४५ ते २००० चा काळ झाकला जातो. खरेदीचे निर्णय, करार आणि विलंबाची कारणं यांसाठी हे उत्तम. लढाईतल्या दाव्यांसाठी समोरच्या बाजूचं वाचणं भाग आहे. ११ नोव्हेंबर १९४२ ला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ आणि डच टँकर ‘ऑन्डिना’ यांनी दोन जपानी सशस्त्र जहाजांशी झुंज दिली, त्यातलं एक बुडालं. ते कुणाच्या गोळ्याने, याचं उत्तर तुम्ही भारतीय पुस्तक उघडलंय की डच, यावर अवलंबून राहतं. अशा जागी दोन्ही दावे लिहा आणि निकाल देऊ नका.

नोंदी ठेवताना प्रत्येक आकड्याला एक ओळ द्या: आकडा, एकक, व्याख्या, पुस्तक, आवृत्तीचं साल, पान, आणि त्या पुस्तकाने तो कुठून घेतला. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर आकडा पेन्सिलने लिहा. पेन्सिलचे आकडे मजकुरात घेताना ‘सुमारे’ लावायचं किंवा सोडून द्यायचे. विकिपीडियाची तळटीप हा रकाना भरायला चालते, पण तळटीपेतलं पुस्तक स्वतः उघडून पान बघितल्यावरच. बऱ्याचदा त्या पानावर भलत्याच ‘साल्सेट’ची माहिती असते.